काहिलीत साबण, उखळात तेल

निरवांगी, ता. इंदापूर
दि. १० फेब्रुवारी १९९७

ती. सौ. जयवंतावन्सं यांना द्वारकेचा वाकून नमस्कार, आणि दाजींना उंबऱ्याआडून.

तुमची तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही, मला खरोखर माहिती हवी आहे. तुमचे बंधू गेल्या आठवड्यात सकाळच्या एस.टी.त चढताना ‘जळोचीला आक्का लई आजारी हाय, बघून येतो’ असं स्टँडवरच्या सगळ्यांना सांगून गेले, आणि तेव्हापासून गाव मला येता-जाता अडवून विचारतं की आक्कांना झालंय तरी काय. मला काय ठाऊक? मी आधी गुडघे सांगितले. मग कुणीतरी म्हणालं, गुडघ्यापायी भाऊ एवढे दिवस कशाला राहील, म्हणून तुमचं बीपी वाढवलं. परवा पिठाच्या गिरणीत धोंडाबाईनं फारच खोदून विचारलं तेव्हा मी तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून टाकलं. तरी जत्रेला याल तेव्हा काळा चष्मा लावून या, एवढी तसदी घ्या. तुम्ही धडधाकट असाल तर मला आनंदच आहे, पण गावात तसं दिसू देऊ नका.

इकडे सगळे सुखरूप. म्हैस व्याली, रेडी झाली. सासूबाई ठणठणीत आहेत. (हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे येणार आहे ते वाचताना तुमच्या काळजाचा ठोका चुकायला नको.)

आता मूळ गोष्ट. तुमचे बंधू तिथं काय सांगून बसलेत ते मला माहीत नाही. माणूस खोटं बोलत नाही, पण खरं सांगताना मधला भाग गाळतो. तो मधला भाग मी लिहिते. हे पत्र मी त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांचाच चष्मा लावून लिहिते आहे. आणि मी त्यांना बोलवायला लिहीत नाही, हेही इथंच सांगून टाकते. त्यांना घराची वाट माहीत आहे. ज्याला गावाला तोंड दाखवायचं नाही त्यानं खुशाल बहिणीच्या घरी पाहुणचार घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. मी लिहिते ती माझी जिंकल्याची हकीकत, आणि ती सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं हक्काचं माणूस नाही.

त्या तेलमाडांची पीडा तुम्हाला अर्धीच माहीत असेल. कारखान्याच्या सभासदांची सहल कोकणात गेली होती तेव्हा बाकीच्यांनी काजू आणले, कोकमं आणली, एकानं तर फणस आणला आणि तो गाडीतच पिकला. आमच्या सर्जेरावांनी (नाव लिहिलं म्हणून हसू नका, तोंडानं घेतलेलं नाही) काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतली रोपं आणली. सबंध घाटभर ती मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. पोरं लहान होती तेव्हा त्यांना कधी तसं घेतलेलं मला आठवत नाही. रोपं देणाऱ्यानं सांगितलं होतं, या झाडाच्या फळातून पामतेल निघतं, रेशनला मिळायचं तेच, आणि फळ धरेपर्यंत तुमच्या भागात तेलाची गिरणी येईल. झाडं वाढली, फळ धरलं, गिरणी काही आली नाही आणि रोपं देणाराही कुठं सापडला नाही. विहिरीजवळचा चांगला काळा तुकडा त्या झाडांनी अडवला. बरं, झाड गरीब म्हणावं तर तसंही नाही, एकेका फांदीच्या बुडाला असे काटे की माझी दोन लुगडी आणि एक पदर त्यांच्या नावावर आहे. घड धरले तेव्हा गाव बघायला आलं. बोराएवढी काळी-केशरी फळं, एकेका घडात मोजता येणार नाहीत इतकी. ज्यानं त्यानं एक चावून बघितलं आणि थुंकलं. तेव्हापासून आमच्या शेताला ‘रेशनचं दुकान’ म्हणतात. तो तुकडा दोघा भावांत सामाईक आहे, त्यामुळे रणजितभावजींना तिथं ऊस दिसायचा आणि यांना तेलाचे डबे. चार वर्षं जेवताना दुसरा विषय नाही.

शेवटी गेल्या महिन्यात भावजींनी स्पष्टच सांगितलं की या हंगामाला तो तुकडा उसाला पाहिजे, झाडं काढा. आणि तुमच्या बंधूंनी, भावजींच्याच गुऱ्हाळावर चार माणसं बसलेली असताना, छाती पुढे काढून शब्द दिला: तेल निघालं नाही तर माझ्या हातानं झाडं उपटीन. वन्सं, माझ्या लग्नात तुमच्या वडिलांनी दिलेला शब्द आणि हा शब्द यांत एवढाच फरक की वडिलांनी आधी विचार केला होता. (हे उपटायचं काम हातानं होतच नाही, ट्रॅक्टर लागतो, हा मुद्दा त्या वेळी कुणाला सुचला नाही.)

आता बघा, आपण ऊसवाली माणसं. आपल्याला सगळ्या जगात एकच रीत माहीत: माल तोडायचा, ट्रॉली भरेपर्यंत फडात ठेवायचा, मग वाजतगाजत न्यायचा. यांनी घड तोडले आणि ट्रॉली भरेना म्हणून उसाच्या पाचटाखाली झाकून ठेवले. रोज दोन-चार घड त्यात घालायचे. आठवड्यानं ढिगाला असा वास सुटला की कुत्रं तिकडून जाईना. मी म्हटलं, आंबलंय. ते म्हणाले, मुरतंय. मग ट्रॉली गुऱ्हाळावर नेली आणि, हसू नका, फळं चरकात घातली. उसाच्या चरकात! आत ही एवढी कठीण बी असते. चरकाला ऊस चावायची सवय, त्यानं पहिल्या घासालाच कडाकड आवाज केला आणि बिया दाही दिशांना उडाल्या. पत्र्यावर गारा पडाव्यात तशा वाजल्या. एक बी रणजितभावजींच्या कपाळाला लागली, ते टेंगूळ अजून उतरलेलं नाही. (त्यांचं टेंगूळ आणि तुमचा डोळा, दोन्ही बरोबरच बरे होतील.)

तरी लगदा निघाला. तो गुळाच्या काहिलीत पडला, खाली चुलाण पेटलं, आणि गुऱ्हाळावर गाव जमलं, कारण यांनी घरोघर आवतण दिलं होतं. पहिला गूळ उतरतो तेव्हा कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, तसं पहिलं तेल उतरलं की भजी खाऊनच जायचं, असं. मी पहाटेपासून कांदे चिरून डोळे सुजवून घेतले होते, बेसन कालवून ठेवलं होतं. गुळव्या आपला नेहमीचाच, बिरदेव. हाताला गुण आहे त्याच्या, पण हात गुळाचा. काहिलीत उकळी फुटली, वर घाण आली, आणि बिरदेवनं कुणाला न विचारता मळी काढायला घालतो तसा भेंडीचा चिकट रस घातला, आणि वर ओंजळभर खार. तुमच्या बंधूंनी अडवलं असतं तर एक गोष्ट होती. ते म्हणाले, ‘अजून घाल की रं, मळी लई हाय.’ त्यानं अजून घातला.

वन्सं, पुढचं मी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहिते. काहील फुगली. आधी काठापर्यंत, मग काठाबाहेर. पिवळाधमक फेस चुलाणात उतरला, जाळ विझला, तरी फेस थांबेना. तो पुढे आला आणि आवतण दिलेल्या माणसांच्या चपलांखाली गेला. सगळ्यांत आधी सरपंच घसरले. त्यांना धरायला गेले ते दोघं घसरले. गुऱ्हाळावर तेलाचा थेंब नाही, पण एवढी माणसं एकदम न्हाऊन निघालेली मी कुठल्या जत्रेत बघितली नाहीत. काहिलीत उरला तो साबण. चांगला साबण, फेस धरणारा. फक्त त्यानं धुतलेलं धोतर हळद लागल्यासारखं होतं, हे त्याच दिवशी बऱ्याच जणांना कळलं. भावजींच्या दुसऱ्या दिवशीच्या गुळालाही साबणाचा वास लागला, आणि ते जे बोलले ते मी लिहीत नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहिते: शनिवारी ट्रॅक्टर लावतो, दादानं शब्द दिलाय. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एस.टी.त. हातानं उपटायची वेळ आली तेव्हा हात जळोचीला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. नवऱ्याचा आला, झाडांचा आला, साबणाचा तर फारच आला, कारण वास जाईपर्यंत काहील घासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घासतेय घासतेय, पण फेस काही संपेना. आणि तिथं, कोपरापर्यंत फेसात हात असताना, मला आपल्या महिला मंडळात साबण करायचा शिकवायला आलेली बाई आठवली. तिनं काय घातलं होतं? तेल घातलं होतं आणि वर सोडा. दुसरं काहीच नाही. म्हणजे वन्सं, साबण झाला म्हणजे तेल होतंच! तेल निघालं होतं, चांगलं काहीलभर निघालं होतं, आणि या शहाण्यांनी त्यात खार, म्हणजे सोडाच की, ओतून त्याची वाट लावली होती. मी काहील तशीच टाकली आणि घरी आले.

आता माझं माहेर सुप्याचं. तुमच्या घरात मला इतकी वर्षं ‘सुप्याची’ म्हणून हिणवलं (तुम्हीही त्यात होतात, पण तो विषय आज काढत नाही). कोरडवाहू माणसं, बाजरी आणि हुलगे, पाटाचं पाणी बघायला मिळालं ते लग्न झाल्यावर. पण सुप्याला बांधाबांधावर एरंड असायचा, आणि माझी आई घरीच एरंडेल काढायची. बी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची, वर तरंगेल ते पळीनं काढायचं आणि पाणी उडेपर्यंत कढवायचं. तुमच्या बागायतात एरंडेल दुकानातून येतं, त्यामुळे ते कुणाला माहीत असायचं कारण नाही. मी म्हटलं, एरंडाला चालतं ते माडाला का चालू नये? आणि आईचं एक वाक्य डोक्यात होतं की शिळ्या बियांचं तेल घसा खरवडतं. तेव्हा ताजा घड पाहिजे, तोडला त्याच दिवशी चुलीवर पाहिजे, आणि खाराचं मडकं लांब पाहिजे.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्या लेकाची झाडं हायत, मी बी येते.’ म्हणजे आम्ही सासू-सुना, जन्मात एका चुलीवर कधी धड भाकरी केली नाही, त्या विळा घेऊन घड तोडायला. काट्यांनी हात सोलून निघाले. फळं सुटी केली, हंड्यात घालून चांगली गाळ शिजवली, उखळात घालून मी कांडली. फार जोरात नाही, बी फुटता कामा नये. (पहिल्या वेळी फुटली, मी तुमच्या बंधूंच्या विचारात होते.) लगदा कढत पाण्यात कालवून यांच्या जुन्या धोतरात बांधला आणि दोघींनी दोन टोकं धरून पिळला. सासूबाईंच्या हातात या वयात एवढी ताकद आहे हे मला माहीत असतं तर मी काही गोष्टी आधीच जपून बोलले असते. पिळून निघालं ते पातेल्यात घालून मंद जाळावर ठेवलं. आणि वर आलं, वन्सं! लालभडक, केशराच्या रंगाचं, वर तरंगत आलं. मी पळीनं काढत होते आणि सासूबाई रडत होत्या, आणि मी म्हटलं धूर लागला असेल, आणि त्या म्हणाल्या, धूर न्हाय. नंतर ते कढवलं, तडतड थांबेपर्यंत, आणि बरणीत भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात ते तुपासारखं थिजून बसलं, पण उन्हात ठेवलं तसं पुन्हा पातळ झालं. मग रोज एक-दोन घड, असं करून शुक्रवारपर्यंत चांगली बरणी भरली. ते धोतर मात्र कायमचं भगवं झालं. यांना संन्यास घ्यायचा असेल तर कपडे तयार आहेत.

प्रश्न एवढाच राहिला की हे खायचं कुणी. लाल तेल कुणी पाहिलंय? जावेनं बरणी बघितली आणि ‘जाऊबाई, ह्ये मोटारीत घालायचं तेल दिसतंय’ म्हणून मागे सरली.

शनिवारी सकाळी भावजी ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी घेऊन, दोन गडी घेऊन. मी बांधावर तीन दगड मांडून चूल पेटवली आणि कढई ठेवली. भाऊ-भाऊ भांडतील, पण वहिनीला कसं हटकणार? त्यांनी पहिल्या झाडाला साखळी बांधली. गाव पुन्हा जमलं, या वेळी चपला हातात घेऊन. मी पहिला घाणा काढला. भजी दिसायला काय सुरेख, शेंदरी, पण एकही माणूस हात पुढे करेना. ट्रॅक्टर चालू झाला. साखळी ताणली. झाड हललं, आणि खरं सांगते, ज्या झाडांना मी चार वर्षं शिव्या दिल्या त्यांच्यासाठी मी तिथं झारा घेऊन रडकुंडीला आले.

तेव्हा सासूबाई उठल्या (घाबरू नका, त्या ठणठणीत आहेत असं वर लिहिलंय). ताटली घेतली, काठी टेकत ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘माझं वय झालंय. मी खाते. मेले तर झाडं उपटा आन् त्याच खड्ड्यात मला घाला. जगले तर ट्रॅक्टर माघारी घ्या.’ आणि भजं तोंडात टाकलं. भावजींनी ट्रॅक्टर बंद केला आणि उडीच मारली. ‘आई, थुक आधी! थुक म्हणतो ना!’ सासूबाईंनी सावकाश चावलं. दात कमी, त्यामुळे वेळ लागला. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत उभं होतं. गिळलं. डोळे मिटले. डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘द्वारके, मीठ कमी हाय.’

माझ्या संसारात मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा हे ऐकलंय आणि दर वेळी मनात फणफणले आहे. पण या वेळी जाऊन पाया पडले. त्यांनी दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं. मग ट्रॅक्टरवाल्या गड्यानं एक उचललं, मग सरपंचांनी, मग काय विचारता, माझा हात थांबला नाही. घाण्यामागून घाणा. मागच्या वेळी बेसनाकडे बघत घसरून गेलेलं गाव या वेळी पोटभर खाऊन गेलं. भावजी सगळ्यांत शेवटी आले, मान खाली घालून, टेंगुळावर टोपी ओढून. खाल्लं, अजून मागितलं, आणि स्वतःच्या हातानं झाडाची साखळी सोडली. म्हणाले, ‘झाडं ऱ्हाऊ द्या. पर माझ्या काहिलीला कुणी हात लावायचा न्हाय.’ मी म्हटलं, कबूल.

तर वन्सं, झाडं उभी आहेत, सगळीच्या सगळी. आता गावातल्या बायका उखळं धुऊन ठेवतायत आणि घड मागायला येतायत. दळणाला गेले की गिरणीत माझ्यासाठी जागा करून देतात. ‘सुप्याची’ म्हणतात, पण आता म्हणताना आवाज वेगळा असतो. हे सगळं मी केलं, माझ्या आईच्या रीतीनं केलं आणि तुमच्या आईच्या साथीनं केलं. यात तुमच्या बंधूंचा, धोतर सोडलं तर, एवढासाही हात नाही. त्यांना हे सावकाश, एकेक शब्द नीट कळेल असं वाचून दाखवा. पाणी जवळ ठेवा.

दाजींना पुन्हा नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमची
द्वारका

ता. क. तिकडून कुणी इकडे येणारं असेल, कुणीही, तर त्याच्याबरोबर बारामतीच्या बाजारातून एक डबा शेंगतेल पाठवावं. बरणीतलं सगळं तेल शनिवारच्या भज्यांत संपलं. नवीन घड पिकायला अवकाश आहे आणि घरात फोडणीपुरतंही तेल उरलेलं नाही. दोन दिवस आम्ही उकडलेलं खातोय. हे गावात कळता कामा नये.

ता. क. दुसरा. पत्र त्यांना वाचून दाखवू नका. त्याचं असं झालं. साखळी सोडून झाल्यावर भावजींनी सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘वैनी, ही युगत दादाची का?’ मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण समोर ती झाडं होती. लाइट नसायची तेव्हा विहिरीतून घागरी काढून पाणी घातलंय त्या माणसानं त्यांना, चार उन्हाळे, सगळं गाव हसत असताना, आणि त्या हसण्यात मीही होते. तोंडातून निघून गेलं, ‘व्हय, जाताना समदं सांगून गेलं. सोताच काढणार व्हतं, पर आक्काचं दुखणं निघालं.’ सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि चौथं भजं उचललं. आता गाव तुमच्या बंधूंची वाट बघतंय. एस.टी.तून उतरल्या उतरल्या विचारतील. म्हणून आज रात्री त्यांना समोर बसवा आणि पाठ करून घ्या: फळ ताजं, त्याच दिवशी शिजवायचं, चरक नाही, उखळ, बी फुटू द्यायची नाही, धोतरात पिळायचं, तडतड थांबेपर्यंत कढवायचं, आणि खार घालायचा नाही, खार घालायचा नाही, खार घालायचा नाही. मी सांगितलं असं म्हणू नका. त्यांनीच मला सांगितलं होतं, विसरले असतील, असं म्हणा.

ता. क. तिसरा. पाठ नाही झालं तरी पाठवा. विचारणाऱ्यांना मी बघून घेईन.